जुना क्रमांक पुसू नका

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील संस्कृत हस्तलिखितांच्या दोन सूच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. पहिली आर्थर कोक बर्नेल या ब्रिटिश न्यायाधीशाची. ती १८८० मध्ये लंडनला छापली गेली. दुसरी पी. पी. एस. शास्त्री यांची. १९२८ ते १९३४ या काळात तिचे १९ खंड निघाले. शास्त्रींनी मांडणी नव्याने केली, प्रत्येक पोथीचे वर्णन विस्ताराने दिले आणि क्रमांकही नवे दिले. पण बर्नेलने नोंदवलेल्या पोथ्यांच्या वर्णनाला त्यांनी एक लहानशी ओळ जोडली. हेच हस्तलिखित बर्नेलच्या सूचीत कोणत्या क्रमांकावर, कोणत्या पानावर, डाव्या स्तंभात की उजव्या, हे ती ओळ सांगते.

ही ओळ कोणासाठी होती? बर्नेलची सूची निघाल्यापासून शास्त्रींचा पहिला खंड येईपर्यंत ४८ वर्षे गेली होती. १८९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या थिओडोर ऑफ्रेष्टच्या ‘कॅटलॉगस कॅटलॉगोरम’ या महासूचीने बर्नेलचा आधार घेतला होता. शास्त्रींनी जुने क्रमांक गाळले असते, तर एकाही पोथीचे एकही पान फाटले नसते. तरीही त्या अर्धशतकातले संदर्भ निराधार झाले असते. काहींचे तर त्याहून वाईट झाले असते. जुना क्रमांक घेऊन आलेल्या अभ्यासकाला नव्या सूचीत त्याच क्रमांकावर भलतीच पोथी सापडली असती, आणि तीच आपली पोथी असे समजून तो समाधानाने परत गेला असता.

या दोन आपत्तींत फार मोठे अंतर आहे. संदर्भ सापडलाच नाही, तर अभ्यासक थांबतो, चौकशी करतो, वाट शोधतो. चुकीचा संदर्भ बिनबोभाट सापडला, तर तो थांबत नाही. पहिली आपत्ती आवाज करते, दुसरी करत नाही. संगणकभाषा घडवणाऱ्यांनी आणि त्या भाषांच्या जिवावर विज्ञान करणाऱ्यांनी हा फरक गेल्या काही दशकांत पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, अशी तक्रार आता उघडपणे मांडण्याची वेळ आली आहे.

तक्रारीचे निमित्त ताजे आहे. पायथन भाषेतील पांडाज ही सारणीरूप माहिती हाताळणारी लायब्ररी आज विज्ञानाच्या असंख्य विद्यार्थ्यांचे रोजचे अवजार आहे. तिच्या ३.० या महाआवृत्तीने ‘कॉपी ऑन राइट’ ही पद्धत कायमची स्वीकारली. बातमी म्हणून पाहिले तर ही एका तांत्रिक सुधारणेची चार ओळींची नोंद आहे. पण त्या चार ओळींत एक मोठी गोष्ट दडलेली आहे: जुन्या कोडमधले एकही अक्षर न बदलता त्याचा अर्थ बदलू शकतो, आणि बदलला आहे.

हे कसे घडते हे समजण्यासाठी मूल्य आणि संदर्भ यांतला भेद पाहावा लागतो. एखाद्याने ग्रंथालयातल्या पोथीची नक्कल करून मित्राला दिली, तर मित्राने नकलेच्या समासात काहीही खरडले तरी मूळ पोथीला धक्का लागत नाही. ही मूल्याची देवाणघेवाण झाली. नक्कल न देता त्याने केवळ पोथीचा क्रमांक दिला, तर मित्र त्याच पोथीपाशी जातो, आणि त्याने समासात खरडलेले पुढच्या प्रत्येक वाचकाला दिसते. ही संदर्भाची देवाणघेवाण. संगणकभाषेत ‘ब = अ’ असे लिहिले, म्हणजे नेमके काय दिले गेले, नक्कल की क्रमांक? उत्तर भाषेगणिक बदलते. फोरट्रानमध्ये संपूर्ण सारणी दुसऱ्या सारणीला दिली की आकडे नकलून घेतले जातात. पायथनमध्ये यादी दिली की दोन्ही नावे एकाच यादीकडे बोट दाखवतात. दोन्ही पद्धती शहाण्या आहेत. शहाणपण संपते ते उत्तर आवृत्तीगणिक बदलू लागले की.

पांडाजचे जुने उत्तर तर आवृत्तीच्या आतही स्थिर नव्हते. सारणीचा एक भाग वेगळा काढला की कधी नक्कल मिळे, कधी संदर्भ. नेमके काय मिळेल, हे आतल्या साठवणुकीच्या मांडणीवर ठरे. त्यावरून लायब्ररी एक इशारा देई, तोही संदिग्ध: तुम्ही बहुधा नकलेत बदल करत आहात, मूळ बदलेलच असे नाही. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांनी हा इशारा पाहिला, त्याचा अर्थ लागला नाही म्हणून सवयीने दुर्लक्षिला, आणि अखेर एका ओळीत तो कायमचा बंद करण्याची युक्ती शिकून घेतली. लांडगा आला रे आला असे दर तासाला ओरडणाऱ्या गुराख्याचे जे होते, तेच त्या इशाऱ्याचे झाले.

म्हणून नवा नियम स्वागतार्ह आहे, हे आधी निःसंदिग्धपणे म्हणायला हवे. सारणीतून काढलेली कोणतीही गोष्ट आता नकलेसारखी वागते. तिच्यात बदल केला तर मूळ बदलत नाही, आणि बदल होईपर्यंत खरी नक्कल केली जात नसल्यामुळे स्मृतीही वाया जात नाही. नियम एक आणि सर्वत्र सारखा. नवशिक्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

पण जुन्या कोडचे काय? एक काल्पनिक, तरी रोज घडू शकेल असे उदाहरण घ्यावे. तंजावरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीच्या सारणीत कणशोधकाची पाच वाचने आहेत: १००, १०२, ९८, ४०९५, १००. शोधकाचे इलेक्ट्रॉनिक्स १२ बिटांचे असल्याने ४०९५ हा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. मापनाची मर्यादा ओलांडल्याची ती खूण आहे. तिने गणनेचा स्तंभ एका वेगळ्या नावाने बाहेर काढला, त्या नावावर ४००० हून मोठी वाचने शून्य केली, आणि पुढे मूळ सारणीवरून बेरीज घेतली. जुन्या आवृत्तीत स्तंभ हा संदर्भ होता. शून्य मूळ सारणीत पोचले आणि बेरीज ४०० आली. नव्या आवृत्तीत तोच स्तंभ नकलेसारखा वागतो. शून्य नकलेतच राहते आणि बेरीज ४,४९५ येते. कोड तोच, माहिती तीच. आज्ञावली दोन्ही वेळा सुरळीत संपते आणि कुठेही लाल अक्षर उमटत नाही.

पाच वाचनांत ही चूक डोळ्यांत भरते. पन्नास लाख वाचनांत, जिथे मर्यादा ओलांडणारी वाचने हजारात एखादी असतील, ती भरणार नाही. सरासरी थोडी सरकेल, वितरणाची शेपटी थोडी जाड होईल, आणि कोणीतरी त्या शेपटीला नवी भौतिकी समजून तीन महिने घालवील.

पांडाजच्या कर्त्यांनी हे सारे अंधारात केले, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२२ मधल्या १.५ आवृत्तीपासून नवी पद्धत ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध होती. २.२ मध्ये, ज्या ज्या ठिकाणी अर्थ बदलणार आहे ती ठिकाणे दाखवणारी एक तपासणीची सोयही होती. साखळीने केलेल्या थेट बदलांवर नवी आवृत्ती आजही इशारा देते. परंतु तपासणीची ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. जो तिच्याबद्दल वाचेल त्यालाच ती ठाऊक. आणि वरच्या उदाहरणासारखा, दोन पायऱ्यांत झालेला बदल नव्या आवृत्तीत मूकपणे पार पडतो. ज्याने मार्गदर्शिका वाचली त्याला रक्षण आणि ज्याने वाचली नाही त्याला मूक चूक, हा न्याय उफराटा आहे. रक्षणाची गरज दुसऱ्यालाच अधिक असते.

येथे प्रगतीचे कैवारी ठरावीक उत्तर देतात: जुनी वागणूक दस्तऐवजात कधी कबूल केलेलीच नव्हती, तिच्यावर विसंबणारा कोडच मुळात चुकीचा होता. हे उत्तर वकिली आहे. एखादी वागणूक दहा वर्षे डोळ्यांसमोर तशीच घडत राहिली, की कबूल केलेली असो वा नसो, लोक तिच्यावर विसंबतात. सॉफ्टवेअरच्या जगात या निरीक्षणाला हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने नियमाचा दर्जा मिळाला आहे. नदीच्या घाटाची पायरी नकाशात नाही म्हणून ती रात्रीतून काढून टाकली, तर पहाटे पडणाऱ्याला नकाशा दाखवणे हे उत्तर होत नाही.

दुसऱ्या टोकाला परंपरेचे कैवारी आहेत. त्यांचे म्हणणे असे की अर्थ कधीच बदलू नये. हेही टिकत नाही, कारण चुकीच्या अर्थाची किंमत रोज कोणीतरी मोजत असते. गो या भाषेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या फॉर-लूपमधला चल संपूर्ण लूपसाठी एकच असे. प्रत्येक फेरीत नवा चल मिळतो असे समजून ज्याने त्याचा संदर्भ साठवून ठेवला, त्याच्या हाती अखेरीस एकाच जागेचे अनेक संदर्भ उरत. २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संकेतस्थळांना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या आज्ञावलीत हीच चूक निघाली. अनेक संकेतनावे प्रत्येकी एकदा तपासण्याऐवजी एकच नाव अनेकदा तपासले जात होते. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे या चुकीच्या कक्षेत आली. हे लिहिणारे नवशिके नव्हते. असा अर्थ जपून ठेवणे म्हणजे पुढच्या प्रत्येक पिढीसाठी तोच खड्डा राखून ठेवणे.

तेव्हा प्रश्न बदलावे की न बदलावे हा नाही. बदलताना जुन्या कोडला काय भोगावे लागेल, हा आहे. त्याच्यापुढे तीन शक्यता असतात: तो पूर्वीसारखाच चालेल, तो मोठ्याने मोडेल, किंवा तो चालेल, पण वेगळे उत्तर देईल. पहिली उत्तम, दुसरी सुसह्य, तिसरी अक्षम्य. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी, म्हणजे जुन्याशी सुसंगत राहण्याचा गुण, याची चर्चा नेहमी पहिल्या दोन शक्यतांभोवती फिरते. किती कोड मोडेल याची मोजदाद होते. किती कोड न मोडता खोटे बोलू लागेल याची मोजदाद मात्र क्वचित होते, कारण ते मोजणे अवघड असते.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीने, २००८ मध्ये, हा धडा दोन बाजूंनी दिला होता. प्रिंट ही आज्ञा बदलली. जुना कोड पहिल्याच ओळीला कोसळला, लोकांनी कुरकुर केली, कंस घातले आणि पुढे गेले. त्याच आवृत्तीत पूर्णांकांच्या भागाकाराचा अर्थही बदलला. १ भागिले २ पूर्वी ० येई, आता ०.५ येऊ लागले. येथे काही कोसळले नाही. बदल योग्यच होता, भौतिकीच्या कोणत्याही सूत्राला ०.५ हेच हवे असते. पण जुना कोड नव्या घरात आणताना ज्याने घाम गाळला असेल त्याला विचारावे, कंसांनी त्रास दिला की भागाकाराने. कंसांची चूक सकाळी दिसली आणि दुपारी मिटली. भागाकाराची चूक कुठे लपली असेल हे शोधायला प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागली.

मूल्य आणि संदर्भ यांच्या अदलाबदलीत तिसऱ्या शक्यतेचा धोका सर्वांत मोठा असतो, कारण येथे व्याकरण तसूभरही बदलत नाही. पीएचपी भाषेच्या चौथ्या आवृत्तीत वस्तू एका चलातून दुसऱ्यात देताना तिची नक्कल होई. २००४ च्या जुलैत आलेल्या पाचव्या आवृत्तीत केवळ तिचा निर्देश दिला जाऊ लागला, आणि नक्कल हवी असेल तर तसे सांगण्यासाठी ‘क्लोन’ हा नवा शब्द आला. ‘ब = अ’ या ओळीचे रूप तेच राहिले, अर्थ मात्र उलटा झाला. जुन्या कोडसाठी पूर्वीसारखी वागणूक देणारी एक कळ ठेवली होती. २००९ च्या ५.३ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. सवलत मिळाली, पण ती संपूर्ण आज्ञावलीला एकत्र लागू होणारी होती. जुनी फाइल जुन्या अर्थाने आणि नवी फाइल नव्या अर्थाने वाचली जावी, अशी सोय त्या कळीत नव्हती.

हे याहून चांगले करता येते का? येते, आणि करून दाखवलेले आहे. पायथनमधीलच नमपाय या लायब्ररीने चौकोनी सारणीचा कर्ण काढून देणाऱ्या आज्ञेचा अर्थ कसा बदलला, ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी ती आज्ञा कर्णाची स्वतंत्र नक्कल देई. तिने संदर्भ द्यावा असे ठरले. थेट बदल केला असता, तर नकलेत निर्धास्तपणे लिहिणाऱ्या जुन्या कोडने मूळ सारणी गुपचूप बिघडवली असती. म्हणून २०१३ च्या १.७ आवृत्तीत नक्कलच मिळत राहिली, पण तिच्यात लिहिताच इशारा येऊ लागला. २०१४ च्या १.९ आवृत्तीपासून संदर्भ मिळू लागला, पण केवळ वाचण्यापुरता. त्यात लिहू पाहणारा कोड तत्काळ त्रुटी देऊन थांबतो. लिहिता येईल असा संदर्भ देण्याचे पाऊल भविष्यावर सोडले गेले. या मधल्या पायरीचे मोल ओळखले पाहिजे. जुना अर्थ आणि नवा अर्थ यांच्यामध्ये तिने एक कुलूपबंद खोली बांधली. जुन्यातून नव्यात जाणारा प्रत्येक जण त्या दारावर आपटतोच, आणि नकळत पलीकडे पोचत नाही.

गो भाषेने दुसरी वाट काढली. २०२४ च्या फेब्रुवारीत १.२२ आवृत्तीत लूपमधील चलाचा अर्थ बदलला खरा, पण तो केवळ अशा प्रकल्पांसाठी, ज्यांनी आपल्या नोंदफाइलीत आपण १.२२ किंवा त्यानंतरच्या भाषेत लिहिलेले आहोत असे जाहीर केले आहे. जुनी नोंद असलेला प्रकल्प नव्या संकलकावरही जुन्याच अर्थाने वाचला जातो. भाषा पुढे गेली, पण प्रत्येक लेखनाच्या माथ्यावर ते कोणत्या काळाच्या अर्थाने लिहिले आहे, ही खूण राहिली. शास्त्रींच्या सूचीतली बर्नेलचा क्रमांक सांगणारी ओळ हीच तर होती!

जावा भाषेचा संयम तिसऱ्या प्रकारचा आहे. तिच्यात पूर्णांक वस्तूच्या पेटीत घालता येतो. अशा दोन पेट्यांची तुलना साध्या समचिन्हाने केली, तर आकडे सारखे आहेत की नाहीत हे पाहिले जात नाही. दोन्ही नावे एकाच पेटीची आहेत का, हे पाहिले जाते. −१२८ ते १२७ या पल्ल्यातील पेट्या आधीच करून ठेवलेल्या असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच दिल्या जातात. त्यामुळे आपोआप पेटीत घातलेले दोन १२७ ‘एकच’ ठरतात आणि दोन १२८ सामान्यतः ‘वेगळे’. तंजावरच्या सूचीत एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांना दोन क्रमांक असतात. मजकूर समान असला तरी त्या एक नसतात. पोथ्यांबाबत हे योग्य आहे. १२८ या आकड्याबाबत नाही. अशा वस्तूंना केवळ मूल्य असावे, ओळख नसावी, यासाठी वल्हाला हा प्रकल्प दशकभर चालू आहे. उतावीळ न होता त्यांनी २०२१ च्या सोळाव्या आवृत्तीत, प्रत्यक्ष बदलाच्या कितीतरी आधी, या पेट्यांच्या ओळखीवर विसंबणाऱ्या कोडला इशारे द्यायला सुरुवात केली. उशीर लागला म्हणून या प्रकल्पाची थट्टा होते. त्या उशिरातच त्याचा शहाणपणा आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला? जुनी आवृत्ती, जुनी लायब्ररी, सगळे पर्यावरण एका कंटेनरमध्ये गोठवून ठेवावे, की झाले. गोठवून ठेवावे हे खरेच. पण ‘की झाले’ हे खरे नाही, आणि त्याचा पुरावाही तंजावरातच आहे. तेथील मराठी राजवटीचे कागद मोडी लिपीत आहेत. रुमाल सुरक्षित आहेत, शाई टिकली आहे. मजकूर, म्हणजे मूल्य, जसेच्या तसे आहे. पण मोडी शाळेतून गेली आणि ते कागद वाचू शकणारे मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली जागा मिळाली, तरी त्यामुळे वाचक आपोआप निर्माण होत नाहीत. याउलट दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवलेला भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत आहे. आजचा मराठी शाळकरी मुलगाही तो अडखळत का होईना, वाचू शकतो. दोन्हींची भाषा मराठीच. एकीकडे वाचण्याचा नियम चालू राहिला, दुसरीकडे तुटला. गोठवलेला कोड पंधरा वर्षांनी मोडीच्या रुमालासारखा होतो. तो चालवता येतो, पण कोणत्या ओळीने कोणत्या गृहीतावर विसंबून काय केले, हे सांगणारे कोणी उरत नाही.

आणि येथे बोट भाषा घडवणाऱ्यांकडून वैज्ञानिक समाजाकडे वळवावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावी लागते, आणि ती शोधगंगेवर खुली होते. उत्तम नियम आहे. पण तो प्रबंध मागतो. प्रबंधातील आलेख ज्या कोडने काढले तो कोड, त्याच्या लायब्ररींच्या आवृत्त्या, मूळ सारणी हे काही मागत नाही. संगणकावर उभ्या असलेल्या विषयात ही प्रयोगवहीविना प्रयोग मान्य करण्याची सवय आहे. ‘विश्लेषण पायथनमध्ये केले’ हे वाक्य असंख्य प्रबंधांत सापडते. कोणत्या पायथनमध्ये? पांडाजच्या कोणत्या आवृत्तीत? हे न सांगणारे वाक्य ‘मोजमाप फूटपट्टीने केले’ म्हणण्याइतकेच निरुपयोगी आहे, आणि फूटपट्टी तरी निदान दर दोन वर्षांनी आपली लांबी बदलत नाही.

म्हणून मागण्या चार, आणि त्या साध्या आहेत.

१. भाषा आणि लायब्ररी घडवणाऱ्यांनी अर्थ बदलताना नमपायने बांधली तशी कुलूपबंद खोली मध्ये ठेवावी. बदललेल्या अर्थाला स्पर्श करणारा जुना कोड किमान एका महाआवृत्तीपुरता तरी त्रुटी देऊन थांबावा. जिथे तांत्रिकदृष्ट्या हे शक्य नसेल, तिथे इशारा न मागता मिळावा, आणि तो संदिग्ध नसावा.

२. कोणत्या काळाच्या अर्थाने वाचावे हे सांगणारी खूण प्रत्येक लेखनाच्या माथ्यावर असावी, गोच्या नोंदफाइलीसारखी. ही खूण ऐच्छिक शिष्टाचार म्हणून ठेवू नये. ती भाषेचाच भाग असावी.

३. विद्यापीठांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी प्रबंधासोबत कोड, आवृत्त्यांची यादी आणि ओळखीचे उत्तर असलेला एक लहान नमुना मागावा. त्या नमुन्याचे उत्तर नव्या यंत्रावर वेगळे आले, तर काहीतरी बदलले आहे हे पहिल्याच मिनिटाला कळेल. वरच्या उदाहरणातली पाच वाचने आणि त्यांची ४०० ही बेरीज, एवढा नमुनाही पुरेसा आहे.

४. विद्यार्थ्यांनी नक्कल हवी असेल तिथे ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहावे, आणि मूळ बदलायचे असेल तिथे मूळ सारणीवरच, एकाच पायरीत, बदल करावा. असा कोड जुन्या अर्थानेही बरोबर चालतो आणि नव्यानेही. ज्या इशाऱ्याचा अर्थ लागत नाही तो बंद करू नये. अर्थ लागेपर्यंत काम थांबवावे.

चौथ्या मागणीवर आक्षेप येतो की सगळा भार पुन्हा विद्यार्थ्यावरच का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती मागणी चौथी आहे, पहिली नाही. मार्गदर्शक जेव्हा दहा वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट नव्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन ‘चालते आहे, हात लावू नकोस’ असे सांगतात, तेव्हा खरी चूक झालेली असते. ‘चालते आहे’ हा आता बरोबर असल्याचा पुरावा राहिलेला नाही. कोसळणे ही कोडने दाखवलेली प्रामाणिकता आहे, आणि न कोसळणे ही दर वेळी सचोटीच असेल असे नाही.

शास्त्रींच्या एकोणीस खंडांत बर्नेलचे क्रमांक उतरवून घेणे हे काही प्रतिभेचे काम नव्हते. ते कंटाळवाणे आणि वेळखाऊ होते, आणि नव्या सूचीच्या वैभवात त्यामुळे भर पडण्यासारखी नव्हती. जुन्या सूचीत दोष होते म्हणूनच तर नवी केली, मग जुने ओझे कशाला, असे त्यांनाही म्हणता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यामुळे १८८० ची सूची हाती धरून आलेला माणूस आजही योग्य पोथीपाशी पोचतो. नवे क्रमांक अवश्य द्यावेत. जुना क्रमांक पुसू नये. आणि पुसावाच लागला, तर त्या जागी दुसरी पोथी ठेवू नये, रिकाम्या जागेची पाटी लावावी.